अस्त्रप्रसारबंदी आणि हायब्रिड धोके : भागीदार देशांना मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न — सामरिक_विद्यार्थिनी

नमस्कार. मी संरक्षण व सामरिकशास्त्रात एम. ए. करीत असून माझ्या प्रबंधाचा विषय वरीलप्रमाणे आहे. अपप्रचार, संगणकांत घुसखोरी, बनावट कागदपत्रे या सगळ्यांचा एकत्रित वापर (यालाच हायब्रिड धोका म्हणतात) करून अण्वस्त्रे, रासायनिक व जैविक अस्त्रे यांच्या प्रसाराला आळा घालणारी व्यवस्थाच पोखरली जाते, एवढे मला समजले आहे. मात्र मदतीची चर्चा आली की सर्वत्र ‘क्षमतावृद्धी’ हा एकच शब्द भेटतो आणि त्यातून चित्र काही उभे राहत नाही.

माझी खरी अडचण पुढेच आहे. अमेरिकेच्या पैशाने दुसऱ्या देशात उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेवर जैविक अस्त्रे बनवल्याचा आरोप झाला, तर अमेरिकेनेच केलेल्या खुलाशाला किंमत ती किती? २ नोव्हेंबर २०२२ रोजी युक्रेनमधील प्रयोगशाळांच्या चौकशीचा रशियाचा ठराव सुरक्षा परिषदेत फेटाळला गेला, तेव्हा बाजूने २, विरोधात ३ मते पडली आणि भारतासह १० देश तटस्थ राहिले. याचा अर्थ बहुतेक देशांना कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती. अशा वेळी मदत करणाऱ्याने करावे तरी काय? कोणी प्रत्यक्ष उदाहरणासह सांगू शकेल का?

उत्तर १ — जुना_वाचक

ताई, तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर जॉर्जियात सापडते, असे माझे मत आहे.

सोव्हिएत काळात प्लेगविरोधी केंद्रांचे मोठे जाळे होते. त्यांपैकी तिबिलिसीच्या केंद्रात साठलेले घातक जंतूंचे नमुने देश स्वतंत्र झाल्यावर चांगल्या बंदोबस्तात आणणे गरजेचे झाले. माजी सोव्हिएत देशांतील घातक अस्त्रे व साठे सुरक्षित करण्यासाठी १९९१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नन-लुगार कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यात तिथे सार्वजनिक आरोग्याची नवी प्रयोगशाळा उभारली गेली आणि तिला सिनेटर रिचर्ड लुगार यांचे नाव दिले गेले. नमुने एका जागी, कुलपात आणि नोंदीत असावेत, हा तिच्यामागचा एक हेतू होता. ज्या जागी अस्त्रप्रसार रोखण्याचे काम चालते, तिथेच अस्त्रे बनतात असा आरोप पुढे झाला, हे लक्षात घेतल्याशिवाय या धोक्याचे स्वरूप कळत नाही.

४ ऑक्टोबर २०१८ या एका दिवसाकडे पाहा. त्या दिवशी रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने पत्रकारांपुढे या प्रयोगशाळेवर गुप्त जैविक संशोधनाचा आरोप केला. त्याच दिवशी डच सरकारने जाहीर केले, की रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या चौघांना एप्रिलमध्ये हेगमधून परत पाठवण्यात आले आहे. रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या शेजारच्या हॉटेलच्या वाहनतळावर त्यांची भाड्याची गाडी उभी होती. डिकीत वायफायमध्ये शिरण्याची उपकरणे आणि मागच्या फळीवर जाकिटाखाली अँटेना होता. एकाजवळ तर मॉस्कोतील लष्करी ठाण्यापासून विमानतळापर्यंतच्या टॅक्सीची पावतीही सापडली. रशियाने हे सारे नाकारले. ही संघटना त्या दिवसांत ब्रिटनमधील सॉल्सबरी येथील नोव्हिचोक या विषाचा हल्ला आणि सीरियातील दूमा येथील कथित रासायनिक हल्ला या दोन्ही प्रकरणांच्या तपासात गुंतलेली होती.

जॉर्जियाने आरोपाला पत्रकाने उत्तर देऊन काम संपवले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी १७ देशांच्या २२ तज्ज्ञांना बोलावून प्रयोगशाळा दाखवली आणि त्या भेटीचा अहवाल जैविक अस्त्रबंदी कराराच्या सदस्यांपुढे ठेवला. निमंत्रण रशियालाही होते, पण त्यांचे कोणी आले नाही. १९७५ पासून अमलात असलेल्या या कराराला पडताळणी करणारी स्वतंत्र संस्थाच नाही. त्यामुळे दारे आपण होऊन उघडणे हाच ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. खुलासा यजमान देशाने, आपल्या भाषेत, आपल्या डॉक्टरांच्या तोंडून करावा. मदत करणाऱ्याने अशा भेटीची तालीम, तिसऱ्या देशांतील तज्ज्ञ आणि कागदपत्रांची शिस्त एवढे पुरवून मागे राहावे.

एवढ्याने आरोप थांबले असे मात्र नाही. सप्टेंबर २०२० मध्ये जॉर्जियाच्या आरोग्य मंत्रालयाच्या संगणकांत शिरून याच प्रयोगशाळेची कागदपत्रे चोरली गेली आणि जॉर्जियाच्या गृहमंत्रालयाच्या म्हणण्यानुसार खऱ्या कागदांत खोटे कागद मिसळून ती प्रसिद्ध केली गेली. दहांतले आठ कागद खरे निघाले की उरलेल्या दोनांवर विश्वास बसतोच, म्हणून हा प्रकार मला साध्या अफवेपेक्षा कितीतरी घातक वाटतो.

उत्तर २ — शीतपेटी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे, तेव्हा आतली बाजू सांगते. एका ठिकाणी (नाव देत नाही) वार्षिक मोजणीत उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये नोंदवहीपेक्षा दोन कुप्या कमी भरल्या. दोन दिवस आम्ही प्रत्येक खोका काढून, हातमोज्यांवरून बर्फ झटकत, क्रमांक जुळवत होतो. शेवटी त्या दुसऱ्या रॅकमध्ये सापडल्या. कुण्या जुन्या सहकाऱ्याने त्या हलवल्याची नोंद सुट्या कागदावर करून ठेवली होती. जंतू निरुपद्रवी होते. पण त्या दोन दिवसांत कोणी नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो बाहेर दिला असता आणि जंतूचे नाव बदलून फिरवला असता, तर आमच्याकडे दाखवायला काय होते? काहीच नव्हते.

जुना_वाचक म्हणतात त्या भेटीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडी ठेवता येते, कारण आदल्या पाच वर्षांच्या नोंदी रोजच्या रोज झालेल्या असतात. म्हणून मदत द्यायचीच तर आधी बारकोड, पर्यायी फ्रीझर, चालू स्थितीतला जनरेटर आणि नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा वेळेवर पगार यांसाठी द्यावी. ही मदत छायाचित्रात शोभत नाही; म्हणूनच बहुधा ती मागे पडते.

उत्तर ३ — न्हावाशेवा_कागदपत्रे

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, पण चर्चा प्रयोगशाळेतच अडकू नये. मी निर्यातीची कागदपत्रे करतो आणि माझ्या अनुभवाने हा धोका बंदरात अधिक शांतपणे वावरतो. २३ जानेवारी २०२४ रोजी चीनहून कराचीला निघालेल्या जहाजावरील एक माल न्हावाशेवाला अडवला गेला. त्यात इटालियन कंपनीचे सीएनसी यंत्र (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे यंत्र) होते आणि मालाचे वजन २२,१८० किलो होते. असे यंत्र कारखान्यातही चालते आणि क्षेपणास्त्राचे सुटे भाग घडवायलाही. भारतीय अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजी मालाच्या पावतीवर, पाठवणारा एक, घेणारा दुसरा आणि तपासात निघालेली नावे निराळीच होती. पाकिस्तानने हा व्यापारी माल असल्याचे सांगून आरोप नाकारला.

असे कागद वाचताना संशय यावा तो नावावरून नव्हे, विसंगतीवरून. घेणाऱ्याचा धंदा धान्याचा आणि माल पाच अक्षांच्या यंत्राचा. पत्ता एका खोलीचा आणि यंत्र बसवायला शेडच नाही. अंतिम वापराच्या दाखल्यावर ‘औद्योगिक उपयोग’ एवढेच मोघम लिहिलेले. २००४ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १५४० ने प्रत्येक देशावर निर्यात नियंत्रणाची जबाबदारी टाकली. परंतु लहान देशाच्या बंदरातल्या अधिकाऱ्याला रात्री अकरा वाजता शंका आली, तर विचारायला माणूस नसतो आणि माल सोडण्याची घाई सगळ्यांना असते. त्याला फोन उचलणारा तज्ज्ञ आणि त्याच्या भाषेतली, चित्रांसह नियंत्रित वस्तूंची यादी मिळाली, तर तीन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा ती कामी येईल.

सामरिक_विद्यार्थिनी

तिघांचेही मनापासून आभार. आता प्रबंधाची मांडणी ‘आरोप होण्याआधीची तयारी’ या अंगाने करावी, असे वाटते. मात्र एक शंका उरते. तयारी असूनही चूक खरोखरच घडली असेल, तर भागीदार देशाला काय सल्ला द्यावा?

जुना_वाचक

लवकर कबूल करावे, हाच. आपल्याकडचा तमिळनाडूतील कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्प पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे सायबर हल्ल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा २९ तारखेला प्रकल्पाकडून साफ इन्कार झाला आणि दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले, की प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात मालवेअर सापडले होते, अणुभट्टीच्या यंत्रणेला धक्का लागलेला नाही. दुसऱ्या दिवशीचे निवेदन पहिल्याच दिवशी आले असते, तर त्यातल्या शेवटच्या वाक्यावर लोकांनी अधिक सहज विश्वास ठेवला असता.

आणि अपप्रचाराची जुनी उदाहरणे घेणार असाल, तर १९८३ पासून सुरुवात करा. एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार झाला, असे सांगणारे निनावी पत्र त्या जुलैमध्ये छापले ते दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकाने. दोन वर्षांनी सोव्हिएत साप्ताहिकाने त्याच पत्राचा हवाला देऊन ती गोष्ट जगभर नेली, आणि त्यामागे आपल्याच गुप्तचरांचा हात होता ही कबुली रशियाच्या परराष्ट्र गुप्तचर सेवेचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी १९९२ मध्ये दिली. मधली नऊ वर्षे दिल्लीचे ते कात्रण पुरावा म्हणून फिरत राहिले.