जोडीदाराचं जुनं व्यसन गुप्त ठेवायचं आहे, कुठे गप्प राहायचं आणि कुठे बोलायचं?

वैदेही_क:
जोडीदाराचं दारूचं आणि वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लग्नाआधीच सुटलं आहे, पण घरात कुणालाच ते माहीत नाही. अशा वेळी काय करावं? त्याला कुणापुढे खाली बघायला लागू नये, पण उठसूट खोटंही बोलायचं नाही. नातेवाइकांचे प्रश्न, डॉक्टर, विमा हे सगळं कसं सांभाळायचं? उद्या मुलं झाली तर त्यांना काय सांगायचं?

निरंजन७:
आधी दोघांनी बसून ठरवा: आज कुणाकुणाला माहीत आहे, अडीअडचणीला कुणाला सांगितलेलं चालेल आणि विचारलं तर दोघं कोणतं वाक्य बोलणार. गोष्ट रचू नका. 'तेव्हा तो कामासाठी बाहेर होता' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, 'कुठल्या कंपनीत?' मग दोघांची उत्तरं जुळत नाहीत आणि संशय तिथूनच सुरू होतो. 'तो काळ त्याला जड गेला, बोलायचं तेव्हा तोच बोलेल' एवढं पुरतं. दर वेळी हेच, आवाज न चढवता.

पार्टीत 'मी घेत नाही' म्हणून थांबावं. 'औषध चालू आहे' हे कारण देऊ नये. लोक आजार विचारतात आणि महिन्याभराने औषध संपलं का तेही विचारतात.

औषधपेटी:
डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांच्यापासून मात्र काहीही लपवू नका. नालट्रेक्सोन (व्यसनाची ओढ कमी करणारं औषध) चालू असेल तर ओपिऑइड म्हणजे अफूसारख्या गटातल्या वेदनाशामकांचा परिणाम होत नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी साधारण 72 तास थांबवतात. महिन्याचं इंजेक्शन असेल तर त्याहून बरंच आधी सांगावं लागतं. डायसल्फिराम (दारू सुटावी म्हणून देतात ते औषध, त्यावर दारू घेतली की त्रास होतो) बंद केल्यावरही सुमारे 14 दिवस दारूशी प्रतिक्रिया होऊ शकते, आणि ती अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधानेही होते. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध डायसल्फिरामसोबत देत नाहीत. ही माहिती नातेवाईक खोलीबाहेर असताना द्या. 'घरच्यांसमोर बोलू नका' असं डॉक्टरांना सांगायला अजिबात संकोच करू नका.

सगळ्यात धोक्याची गोष्ट वेगळीच. बराच काळ व्यसनाच्या वेदनाशामक गोळ्या बंद असल्या की शरीराची सवय मोडते. पाय घसरला आणि जुन्याच मात्रेत गोळ्या घेतल्या, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. हाका मारून जाग येत नाही, ओठ निळसर दिसताहेत, तर रुग्णवाहिका बोलवा आणि काय घेतलं ते स्पष्ट सांगा. त्या क्षणी गुपिताचा विचार मनात आणू नका.

कागदपत्री:
विम्याच्या अर्जात व्यसन किंवा उपचारांबद्दल विचारलं असेल तर खरंच लिहायचं. लपवलं तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. मात्र एजंट नात्यातला नको आणि अर्ज ज्याचा त्यानेच भरावा. बाकी बातमी फुटते ती फोनमधून: सगळ्यांच्या टॅबलेटवर आपोआप उतरणारे रिपोर्टचे फोटो, बंद पडद्यावर झळकणारी समुपदेशनाची आठवण, घरच्यांच्या सामायिक खात्यावरून मागवलेली औषधं. या तिन्ही गोष्टी आजच वेगळ्या करा.

शमा_समुपदेशन:
मुलांना त्यानेच सांगावं, किशोरवयाच्या आधी, दोन-चार वाक्यांत. व्यसनाची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते, म्हणून त्यांना ते कळायला हवं.

एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मागचं झाकणं वेगळं, आत्ता चालू असलेलं झाकणं वेगळं. तो पुन्हा प्यायला लागला आणि तुम्ही त्याच्या ऑफिसला 'ताप आलाय' असं कळवलं, उधारी फेडली, तर परिणाम त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि व्यसन वाढतं. म्हणून तो नीट असतानाच लिहून ठेवा: पुन्हा सुरू झालं तर किती दिवसांत, कुणाला फोन करायचा. आत्महत्येचं बोलणं, मारहाण किंवा मुलांना धोका असेल तर दिलेला शब्द बांधील राहत नाही, हेही त्यातच लिहा.

आणि वैदेही, हे ओझं एकटीने वाहू नका. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून चालणारे अल-अ‍ॅनॉनचे गट आहेत. तिथे नाव उघड होत नाही. जाण्याआधी त्याला तेवढं सांगा.