अप्पांच्या आठवणीत घरातल्या सगळ्यांना टॅटू काढायचाय, सल्ला पाहिजे

तापीकाठ_चोपडा: नमस्कार मंडळी. दिवाळी झाल्या झाल्या अप्पा गेले, ३ महिने होतील आता. घरात असं चाललंय की मी, मोठा भाऊ, बहीण (ती सुरतला असते) आणि आई, चौघांनी टॅटू काढायचा, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) अप्पांची पहिली घागर भरायला सगळे घरी येतीलच तर त्याच आठवड्यात उरकून टाकायचं. भावाला अप्पांचा चेहरा पाहिजे, बहिणीला नाव, मला काही सुचत नाही. अप्पांची एक वही सापडलीय, केळीला पाणी द्यायची. रात्री लाईट आली की उठून लिहायचे, "मोटर चालू २.१०", "लाईट गेली ३.४०", पानंच्या पानं तेच. आईला शुगर आहे. पुतण्या १७ चा, आर्मी भरतीची तयारी करतोय, तोही मागे लागलाय. जळगाव-धुळ्याकडे कुठं जावं, काय बघून घ्यावं?

केळीवाला_रावेर: भो, आखाजीला नको. ऐन वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि नवीन टॅटू म्हणजे जखमच असते ती, त्यात घाम, धूळ, घरात पाहुणे. दोन-तीन आठवडे ऊन नको, विहिरीत पोहणं नको. मी मे महिन्यात काढला होता, खाजवून खाजवून खपली काढली आणि शाई पण गेली तिच्यासोबत. वर्षश्राद्ध दिवाळीच्या पुढेच येतंय ना, थंडीत काढा.

सिस्टर_भुसावळ: मी नर्स आहे. आईंची तीन महिन्यांची शुगर टेस्ट करून आधी डॉक्टरांना विचारा, शुगर वाढलेली असली की जखम लवकर भरत नाही. आणि पायावर तर नकोच. सुई तुमच्यासमोर पॅकेट फोडून काढलेली पाहिजे, शाई छोट्या कपात ओतून, उरलेली फेकायची, परत बाटलीत नाही. जत्रेत बसतात त्यांच्याकडे जाऊच नका, एकच सुई किती जणांना लागली काय माहीत, हिपॅटायटीस बी, सी, एचआयव्ही सगळं रक्तातून पसरू शकतं. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर वर्षभर घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

फौजी_पारोळा: पुतण्याला आवरा आधी!! १८ च्या आत चांगला स्टुडिओ घेतच नाही. आणि आर्मीत कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा पंज्याच्या मागच्या बाजूलाच चालतो, छातीवर दंडावर काढला तर मेडिकलला घरी पाठवतील. भरती होऊ दे, मग काढ म्हणा.

अमळनेरची_लेक: वही असताना चेहरा कशाला? चेहरा जरा चुकला तर अप्पांच्या जागी कोणी दुसराच माणूस जन्मभर हातावर. वहीचं पान स्कॅन करून त्यांचं अक्षर जसंच्या तसं घ्या. फक्त फार बारीक नको, शाई वर्षानुवर्षं पसरत जाते आणि वेलांटी-मात्रा एकमेकांना चिकटतात. स्टेन्सिल (सुई लावायच्या आधी कातडीवर उमटवतात तो छाप) लावल्यावर घरच्या नसलेल्या माणसाला वाचायला सांगा, माझ्या चुलतभावाच्या हातावर "आई"चं "आइ" झालंय. स्टुडिओ कुठलाही असो, ताजे फोटो बघू नका, वर्षभरापूर्वी काढलेले आता कसे दिसतात ते मागा. आणि आईंना विचारलं का कोणी? माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं, म्हणायची मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं.

तापीकाठ_चोपडा: सगळ्यांना धन्यवाद, आखाजी कॅन्सल. पुतण्या रुसलाय, रुसू दे. आईला खरंच कोणी विचारलं नव्हतं हो. बहिणीचं नावाचं डिझाईन दाखवलं तर म्हणे, "जन्मभर तुमच्या अप्पांचं नाव घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच, आता हातावर लिहून गावभर दाखवू का?" मग वही दिली हातात. बराच वेळ पानं उलटत बसली आणि बोट ठेवलं ते "लाईट गेली ३.४०" वर. म्हणे परत येऊन झोपायचे तेव्हा मला उठवून हेच सांगायचे, रोज. भाऊ म्हणतो हातावर लाईट गेली कोण लिहितं. डॉक्टर काय म्हणतात बघू आधी. जळगावात कोणी स्वतः काढून घेतला असेल तर स्टुडिओ मेसेजमध्ये कळवा.