मदत हवी आहे: जुन्या जीपचा गिअरबॉक्स बदलू की दुरुस्त करू?

मंडळी, सीजे-३बी जीप रिस्टोअर करतोय. बॉडी, इंजिन मार्गी लागलंय, घोडं अडलंय गिअरबॉक्सपाशी. मूळचा तीन गिअरचा टी-९०. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दुसरा गिअर सुटतो, लिव्हर आपोआप न्यूट्रलला. उघडून पाहिला तर सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा गुळगुळीत, गिअर पकडून ठेवणाऱ्या स्लीव्हचे दात टोकाला झिजून निमुळते. मेनशाफ्टही (गिअरबॉक्सचा मुख्य दांडा) पुढेमागे हलतोय.

नवे पार्ट टाकून हाच उभा करावा, की चार गिअरचा टी-९८ बसवावा? त्याचा पहिला गिअर चढाला झकास, पण हा गिअरबॉक्सच लांब. म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आखूड करणं आलं आणि त्याच्या जॉइंटचा कोनही वाढणार. शिवाय गाडीचं मूळपण जातं, ते वेगळंच.

कोणी हा बदल केलाय का? स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) जोडताना काय काय बदलावं लागलं? आणि पितळी रिंगांसाठी गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचंच ना? फोटो असतील तर टाका.