पायलटची जुनी मोटारसायकल, वार्षिक फिटनेस : गंजलेला चॅसिस क्रमांक आणि पीयूसी यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

माझे काका गोव्यात फोंड्याच्या कदंब बसस्थानकाजवळ पायलट म्हणून, म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्यासाठी, मोटारसायकल चालवतात. गाडी २०१४ची हीरो स्प्लेंडर प्लस आहे. भाड्याने चालणारी गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची तपासणी) दरवर्षी करून घ्यावा लागतो, त्यामुळे ही तपासणी आमच्या घरी नवी नाही; यंदा मात्र मुदत भर पावसात संपते आहे आणि तपासणीत गाडी नापास होऊन चवथीच्या तोंडावर घरी उभी राहिली तर काकांच्या ऐन धंद्याचे दिवस जातील. म्हणून वेळ घेण्यापूर्वी काही गोष्टींचा उलगडा करून घ्यावा, या हेतूने लिहीत आहे.

नेहमीची कामे झाली आहेत. दोन्ही ब्रेकचे लायनर बदलले, चेन-स्प्रॉकेट नवे आहे, मागचा टायर झिजेच्या खुणेपर्यंत आला होता तोही बदलला. कोनसेट (हँडलचे बेअरिंग) तपासताना पुढचे चाक उचलून हँडल हळूच फिरवले, तेव्हा ते मधोमध अडकत नाही, एवढी खात्री केली. पुढच्या मडगार्डला पिवळा रंग नव्याने दिला आहे. मागचा स्टॉप लाइट पायाच्या ब्रेकने लागतो, हाताच्या ब्रेकने लागत नाही. लिव्हरजवळच्या स्विचमध्ये पाणी जाऊन तो गंजला असावा, तो बदलायचा आहे.

खरी अडचण चॅसिस क्रमांकाची आहे. हँडलच्या खाली, फ्रेमच्या उजव्या बाजूला जिथे हा क्रमांक ठोकलेला असतो, तिथला रंग फुगून त्याच्या पोपड्या निघाल्या आहेत आणि खाली तांबूस गंज धरला आहे. टॉर्च तिरपा धरल्यावर बहुतेक अक्षरे वाचता येतात, पण शेवटच्या आकड्यांपैकी एक तीन आहे की आठ, हे आरसी (नोंदणीपत्र) हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. कागद ठेवून पेन्सिलने छाप घेऊन पाहिली, तर तिथे नुसता काळा डाग उमटतो. गॅरेजवाला म्हणतो की ग्राइंडर हलकासा फिरवू आणि वर रंग मारू. मला हे पटत नाही, कारण गंजाबरोबर अक्षरांची खोलीही जाईल. हा भाग कोणी सुरक्षितपणे साफ केला असल्यास कृपया पद्धत सांगावी.

दुसरा प्रश्न पीयूसीचा, म्हणजे धूर तपासून मिळणाऱ्या प्रदूषण प्रमाणपत्राचा. मागच्या आठवड्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के आला. या काळातील फोर-स्ट्रोक दुचाकीसाठी मर्यादा ३.५ टक्के आहे. सायलेन्सरच्या पोटाला गंजाने एक भोक पडले आहे. गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की आधी कार्ब्युरेटर जुळवून पीयूसी काढून घ्यावी आणि भोक नंतर बुजवावे, तेवढाच खर्च पुढे ढकलता येईल. या क्रमात काही गैर आहे का?

शेवटची शंका किरकोळ आहे. साडीगार्डचा खालचा वेल्डिंगचा टाका तुटल्यामुळे तो काढून ठेवला आहे. हल्ली साडी नेसून मागे बसणारे गिऱ्हाईक क्वचितच मिळते, म्हणून काका तो परत लावायला टाळाटाळ करीत आहेत. तो नसला तर चालेल का?

प्रतिसाद

ग्राइंडर, पॉलिशपेपर आणि तारेचा ब्रश, या तिन्ही गोष्टी त्या जागेपासून दूर ठेवाव्यात. रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल कापडाच्या बोळ्याने लावून रात्रभर राहू द्यावे, सकाळी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासावे, आणि गंज सुटेपर्यंत हेच पुन्हा करावे. जागा कोरडी झाली की खडू आडवा फिरवून वरची पूड पुसून टाकावी. खाचांत पांढरे राहते आणि तीन-आठचा घोळ तिथेच मिटतो. वाचता येऊ लागल्यावर पारदर्शक लॅकरचा अगदी पातळ हात द्यावा. जाड रंगाने अक्षरे पुन्हा भरून जातील. एवढे करूनही क्रमांक वाचता येत नसेल, तर गॅरेजमध्ये पंच मारून घेण्याचा विचारही मनात आणू नये. क्रमांक नव्याने ठोकायला नोंदणी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि परवानगीशिवाय तसे करणे हा गुन्हा ठरतो. आरसी घेऊन काकांनी स्वतःच आधी कार्यालयात जावे आणि अडचण सांगावी.

पीयूसीच्या बाबतीत गॅरेजवाल्याचा क्रम उलटा आहे. सायलेन्सरला भोक असले की गाडी न्यूट्रलमध्ये चालू असताना त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते, ती धुरात मिसळते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे तुमचा ४.१ सुद्धा कदाचित उणाच असेल. आधी भोक बुजवा. मग एअर फिल्टर पाहा, चोक पूर्ण मागे जातो का ते पाहा, आणि गाडी फोंड्याहून फर्मागुढीपर्यंत चढवून तापवल्यावरच मिक्श्चर स्क्रूला (कार्ब्युरेटरमध्ये हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला) हात लावा. आयडलिंग (अॅक्सिलरेटर न पिळता इंजिनाचा वेग) १४०० आरपीएमच्या आसपास ठेवावे. थंड इंजिनावर जुळवलेला स्क्रू पीयूसी केंद्रावर कधीच खरा ठरत नाही. आणि ही गाडी भारत स्टेज चार या प्रदूषण मानकाच्या आधीची असल्यामुळे पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते, तेव्हा तपासणीच्या दिवशी तिची मुदत शिल्लक असेल असे बघावे.

साडीगार्ड मात्र लावायलाच हवा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा, मागे धरायला पक्की मूठ असावी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, आणि गिऱ्हाईक कोणते कपडे घालते याच्याशी त्याचा संबंध नाही. ओढणी आणि पावसाळ्यातला लांब रेनकोटही चाकात तसाच अडकतो. सायलेन्सरच्या वेल्डिंगसाठी गाडी नेणारच आहात, त्याच फेरीत साडीगार्डचा टाकाही मारून घ्यावा; मात्र वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडायला सांगायला विसरू नका.