दोन सारखे पूल, पण मुंग्यांची रांग एकाच पुलावर. असं का?

सावजी_रस्सा:
नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठीची मांडणी, प्रतापनगर, नागपूर. कंपाउंडच्या भिंतीतल्या बारक्या लाल मुंग्या. भिंतीपासून साखरपाण्याच्या झाकणापर्यंत कार्डशीटचे दोन पूल, प्रत्येकी २० सेंमी लांब, १ सेंमी रुंद. रांग अर्धी-अर्धी वाटली जाईल असं वाटलं होतं. वीसेक मिनिटांत सगळी वर्दळ डाव्या पुलावर. दुसऱ्या दिवशी तेच पूल लावले, पुन्हा डावीकडेच. जाणाऱ्या-येणाऱ्यांचा आकडाही जुळत नाही, जाणाऱ्या जास्त भरतात. साडेदहाला ऊन आलं की रांग मोडते. पूल अरुंद केला तर कोंडी होऊन मुंग्या दुसरीकडे वळतील का?

वारूळवाला:
रांग एका पुलावर गोळा होणं ही चूक नाही, तोच तुमचा निकाल आहे. खाऊन परतणारी मुंगी पोटाचं टोक टेकवत वास सोडत जाते. सुरुवातीला योगायोगाने चार मुंग्या डावीकडून जास्त गेल्या की तिकडचा वास किंचित वाढतो, पुढच्या तिकडे वळतात, वास आणखी वाढतो. ब्रुसेल्सच्या देनेबूर्ग यांच्या गटाने १९९० मध्ये अर्जेंटिनी मुंग्यांवर सारख्या लांबीच्या दोन पुलांचा प्रयोग केला, तिथेही हेच झालं.

घोळ आहे तो दुसऱ्या दिवशीच्या ‘पुन्हा डावीकडेच’मध्ये. जुन्या कागदावर कालचा वास शिल्लक असू शकतो. दर फेरीला नवा कागद घ्या, एकाच शीटमधून कापलेला, आणि मधल्या भागाला बोट लावू नका. किमान १० फेऱ्या करा. आठ-नऊ वेळा डावीकडेच गेल्या तर उतार, सावली किंवा भिंतीचा कोपरा तपासा.

वास की जागेची आठवण, हे ठरवायला रांग पक्की झाल्यावर दोन्ही पुलांच्या कागदांची अदलाबदल करा. वर्दळ कागदाबरोबर उजवीकडे गेली तर वास. डावीकडेच राहिली तर आठवण किंवा उजेड. परीक्षकांना दाखवायला याहून चांगलं काही नाही.

गोरेवाडा_रिटर्न:
आकड्यांबद्दल. मुंगी झाकणापाशी थांबून पोट भरते, म्हणून पहिला काही वेळ जाणाऱ्या जास्त दिसणारच, कारण तेवढ्या मुंग्या साखरपाण्यावर अडकलेल्या असतात. पाणी संपत आलं की उलट होतं. अर्ध्या तासानंतरही फरक राहिला तर परतीची दुसरी वाट आहे असं समजा. बहुधा झाकणाच्या काठावरून खाली उतरत असतील. पुलाचे टेकू पाण्याच्या ताटलीत उभे करा आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर पाण्याच्या पृष्ठभागावरून हलक्या मुंग्या चालत जातात.

डोळ्यांनी मोजू नका. फोन स्टँडवर लावून वरून व्हिडिओ घ्या, पुलाच्या मध्यावर पेन्सिलची एक रेघ मारा. स्केचपेन नको, त्याला वास असतो. दर ५ मिनिटांनी १ मिनिट मोजा, जाणाऱ्या वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या. साखरपाण्यासाठी ३४ ग्रॅम साखर घेऊन पाणी घालत एकूण १०० मिली करा. दर वेळी तेच प्रमाण.

ऊन: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेपेक्षा सिमेंटची भिंत कितीतरी जास्त तापते. तापलेल्या पृष्ठभागावर वास लवकर उडतो आणि मुंग्याही बाहेर पडायचं थांबवतात. सकाळी ६ ते ८ किंवा सूर्यास्तानंतर करा. अंधारात फोनचा टॉर्च नुसता लावू नका, त्यावर लाल जिलेटिन कागद लावा.

वारूळवाला:
अरुंद पुलाचं. २००४ मध्ये ऑड्री द्युसुतूर यांच्या गटाने युरोपातल्या काळ्या बागमुंगीवर नेमकं हेच पाहिलं. १० मिमी रुंद पुलांवर रांग एका बाजूला, अरुंद केले की दोन्हीकडे. पण ‘कोंडी होऊन’ हे बरोबर नाही. फाट्यावर समोरून येणारीची धडक बसली की मुंगी दुसऱ्या फाट्याला ढकलली जाते, त्यामुळे कोंडी व्हायच्या आधीच वर्दळ वाटली जाते. आपल्या नागपूरच्या गजबजलेल्या व्हेरायटी चौकात हे कोणी शिकवेल तर बरं! तुमची मुंगी बारकी असेल तर ६ मिमीही तिला ऐसपैस, ३ मिमीपासून सुरू करा. आणि वारुळातून पुरेशा मुंग्या निघाल्याच नाहीत तर रुंदीचा काही फरक दिसणार नाही.

सावजी_रस्सा:
अदलाबदल करताना पुलावर असलेल्या मुंग्यांचं काय करायचं?

गोरेवाडा_रिटर्न:
मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने भिंतीच्या बाजूला हलकेच लोटा. फुंकर नको, श्वास लागला की बिथरतात. एकही चिरडली गेली तर ती फेरी रद्द करा, चिरडलेल्या मुंगीचा धोक्याचा वास बाकीच्यांना पांगवतो आणि तुम्ही ते ‘पूल बदलल्याचा परिणाम’ म्हणून लिहून बसाल. अदलाबदल अर्ध्या मिनिटात उरकली पाहिजे, म्हणून कागद चिकटवू नका, टेकूंवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावा.