होस्टनेममध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नावात, अंडरस्कोअर (_) असला तर मेल नाकारावा का?

पोर्टपंचवीस: एका सप्लायरचा मेल येईना म्हणून लॉग काढला तर ५०१ एरर, 'सिन्टॅक्टिकली इनव्हॅलिड हेलो', म्हणजे समोरच्या सर्व्हरने सुरुवातीला सांगितलेलं स्वतःचं नाव नियमात बसत नाही. त्यांच्या सर्व्हरच्या नावात मधेच अंडरस्कोअर, आणि आमचा मेल सर्व्हर एक्झिम असलं नाव बाय डिफॉल्ट घेत नाही. आता ते म्हणतात तुम्हीच सेटिंग सैल करा. माझं मत, अजिबात करू नये. अक्षरं, आकडे, हायफन आणि डॉट एवढंच चालतं हे १९८५ च्या आरएफसी ९५२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) पासून ठरलेलंय, ज्यांनी नाव चुकीचं ठेवलं त्यांनीच बदलावं.

साधीवायर: नाही पटलं. ५०१ म्हणजे कायमचा नकार, समोरचा सर्व्हर परत ट्रायसुद्धा करत नाही, मेल तिथूनच माघारी. त्यात बिल असेल, टेंडर असेल, पाठवणाऱ्या अकाउंट्सवाल्या ताईंचा यात काय दोष? पोस्टफिक्ससारखं दुसरं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर तर अंडरस्कोअर चालवून घेतं, सोर्समध्ये त्या ओळीला नुसती 'गर्र..' अशी कमेंट आहे, म्हणजे राग आला तरी मेल घेतला ना! आणि नियम बदलतात हो, आधी आकड्याने सुरू होणारं नावही चालत नव्हतं, १९८९ ला आरएफसी ११२३ ने ते मोकळं केलंच की.

रात्रपाळी: पण मेल खरा आहे का ते तपासायला डीएनएसमध्ये ठेवतात त्या डीमार्क, डीकिमच्या रेकॉर्डच्या नावात अंडरस्कोअर असतोच, ते कसं चालतं मग?

पोर्टपंचवीस: डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या यादीला, ६३ बाइटच्या आत कुठलंही लेबल (नावातला दोन डॉटमधला तुकडा) चालतं, १९९७ च्या आरएफसी २१८१ मध्ये ते स्वच्छ लिहिलंय. होस्टनेमचा नियम त्याहून कडक. आणि नेमकं म्हणूनच असल्या रेकॉर्डना पुढे अंडरस्कोअर लावतात, त्या नावाचं मशीन असूच शकत नाही त्यामुळे कुणाच्या खऱ्या सर्व्हरशी गल्लत होत नाही. उद्या मशीनलाही तसली नावं द्यायला लागलो तर ती राखून ठेवलेली जागाच गेली. १९८९ चा बदल सगळ्यांसाठी लिहून झाला होता साहेब, कुणी आपापल्या कॉन्फिगमध्ये गुपचूप केला नव्हता.

साधीवायर: डीमार्कचं मान्य. पण तुम्हाला सगळ्यांना कुठे सोडायचंय, एक्झिमच्या 'हेलो अॅक्सेप्ट जंक होस्ट्स' सेटिंगमध्ये त्यांचा एकच आयपी टाका, रिव्हर्स (आयपीवरून नाव) आणि एसपीएफ (त्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून यावा याची नोंद) नीट तपासा, आणि नाव बदला म्हणून त्यांना लेखी कळवा. बिलं तरी अडकणार नाहीत.

पोर्टपंचवीस: एकदा सूट मिळाली की नाव कुणी बदलत नाही, मग तोच मेल उद्या दुसऱ्या कुणाच्या एक्झिमवर अडकतो आणि तिथला माणूस पुन्हा लॉग उपसत बसतो. आधी तारीख देऊ देत, तोवर आयपी टाकणार नाही.