एसआरएत घर ठरलंय, गाळ्याचं काय?

कुर्लेकर_गल्ली४
कुर्ला-साकीनाका पट्ट्यातली वस्ती. साधारण ३४० झोपड्या, त्यात साठेक गाळे: शिलाई, जरीकाम, पॅकिंग, थोडं भंगार, दोन फरसाणवाले. विकासकाने एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) ३३(१०), म्हणजे झोपडपट्टी पुनर्विकासाच्या नियमाखाली प्रस्ताव आणलाय, संमतीपत्रं घरोघर फिरताहेत. घर ३०० चौरस फूट हे पोराटोरांनाही पाठ झालंय. गाळ्याचं विचारलं की "ते नंतर बघू". परिशिष्ट-२ (कोण पात्र, कोण अपात्र याची यादी) अजून निघालेलं नाही. टॉवर उभा राहिला आणि धंदा बसला तर मेंटेनन्स कशातून भरणार? सही करण्याआधी नेमकं काय लिहून घ्यायचं?

परिशिष्टवाला
"नंतर" काहीच नसतं. आधी नियम बघा. गाळ्याला मोफत मिळतं ते २०.९० चौ. मी., म्हणजे २२५ चौ. फूट, किंवा आज प्रत्यक्ष असलेलं क्षेत्र, यातलं जे कमी ते. घरासारखं सगळ्यांना सारखं नाही. १२० फुटांचा गाळा असेल तर १२०च. ४०० फुटांचा कारखाना असेल तर २२५. उरलेलं विकासकाच्या खुल्या विक्रीच्या हिश्श्यातून प्राधान्याने विकत घेता येतं, पण व्यापारी दराने. पोटमाळा आणि वरचा मजला या हिशोबात धरत नाहीत. खाली घर आणि वर मशिनी असतील त्यांनी हे आजच समजून घ्यावं.

खरी गोची सर्वेक्षणात होते. गाळ्याला घरगुती मीटर असेल तर सर्वेक्षणवाला सरळ "निवासी" लिहून मोकळा होतो आणि परिशिष्ट-२ मध्ये तेच उतरतं. मग हरकती, अपील आणि हेलपाटे. म्हणून सर्वेक्षणाच्या दिवशी मशिनी जागेवर हव्यात, आणि कागद १ जानेवारी २००० पूर्वीचे हवेत: त्या काळचा गुमास्ता (दुकान नोंदणीचा दाखला), पालिकेचा परवाना, व्यापारी दराचं वीजबिल. गेल्या वर्षी ऑनलाइन काढलेली गुमास्त्याची सूचना-पावती धंदा आज चालू आहे एवढंच सांगते, पात्रता सिद्ध करत नाही. २००० ते २०११ मधल्या झोपड्यांसाठी अडीच लाखांत सशुल्क घराची सोय आहे. ती गाळ्यालाही लागू होते असं गृहीत धरू नका.

नकाशे_आणि_नळ
वरचं सगळं बरोबर, पण २२५ फूट मिळूनही धंदा बंद पडतो, आणि त्याचं कारण नकाशात असतं. आशयपत्र (एसआरएची योजनेला तत्त्वतः मंजुरी) निघून नकाशे मंजूर झाले की बदल करून घेणं जिवावर येतं, त्यामुळे आत्ताच वास्तुविशारदाला बसवून विचारा.

पहिलं, स्लॅब. घरांचा मजला चौरस मीटरला सुमारे २०० किलो भारासाठी काढतात. हलक्या यंत्रांचं काम असेल तर ५०० च्या आसपास धरावं लागतं. कापडाचे गठ्ठे कमरेएवढे रचले तरी २०० पार होतं. गाळे घरांच्या मजल्यावर विखुरले तर सोसायटीच उद्या मशिनी बंद पाडेल, आणि तिचं चुकणार नाही. गाळे तळमजला आणि पहिल्या मजल्यावर एकत्र, वेगळ्या जिन्याने.

दुसरं, वीज. क्लच मोटरची शिलाई मशिन ४०० वॅटची धरली तर दहा मशिनींचे ४ किलोवॅट. बॉयलरची इस्त्री आणखी दोन-तीन. शिवाय पंखे, दिवे. सिंगल फेजवर हे रडतखडत चालेल, उन्हाळ्यात ट्रिप होत राहील. प्रत्येक गाळ्याचा भार आधी लिहून द्या; सबस्टेशन आणि मीटर रूमची जागा एकूण भारावरच ठरते. इमारत झाल्यावर थ्री फेज मागाल तर केबल न्यायला डक्टच नसतो. (सर्वो मोटर लावल्या तर भार बराच उतरतो, पण त्यावर विसंबून मागणी कमी लिहू नका.)

तिसरं, टेम्पो. छोटा हत्ती मागे घेऊन थेट गाळ्यांच्या दाराशी लागला पाहिजे. पोडियमचा (टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यांचा) रॅम्प आणि विक्रीच्या इमारतीचं गेट वेगळं असेल तर माल हातगाडीने ओढत बसाल. फरसाणवाल्यांना धुराडं गच्चीपर्यंत हवं, ते नंतर काढता येत नाही. भंगाराला मात्र टॉवरखाली अग्निशमनाची परवानगी मिळणं कठीण. त्यांच्यासाठी दुसरी जागा किंवा मोबदला यावर आधीच बोला.

हिशोबनीस
मेंटेनन्सचं गणित: ३३(१०) मध्ये विकासक प्रत्येक सदनिकेमागे ४०,००० रुपये ठेव भरतो. ७ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला २,८००, महिन्याला २३३ रुपये. एवढ्यात लिफ्ट आणि पंप चालत नाहीत. म्हणूनच गाळे चालू राहणं घरवाल्यांच्याही फायद्याचं आहे. बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहा, एकी आपोआप होते.

भाडं: एसआरएच्या २०२३ च्या परिपत्रकानुसार विकासकाने दोन वर्षांचं भाडं आधी जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखेचे धनादेश द्यायचे. गाळ्याचं भाडं घराच्या दराने लावू देऊ नका. संक्रमण काळात, म्हणजे इमारत होईपर्यंत, गाळा चार किलोमीटरवर गेला की गिऱ्हाईक तुटतं. व्यक्तिगत करारनाम्यात गाळ्याचं भाडं, मशिनी हलवण्याचा खर्च, मजला, क्षेत्र आणि ताबा हे वेगवेगळ्या कलमांत हवं.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मोफत आहे, सगळ्यांनी आत्ताच करून घ्या. ताबा मिळाल्यावर मुद्रा कर्ज काढायचं तर चालू धंद्याची बँक उलाढाल लागते; मधली तीन वर्षं खातं कोरडं राहिलं तर बँकवाला दारातूनच परत पाठवतो.

माळ्यावरचा
कारागिरांचं कोणीच बोललं नाही. जरीचे कामगार गाळ्यातच झोपतात, ते कुठल्याच यादीत नाहीत. २२५ फुटांत मशिनी लावल्यावर ते राहणार कुठे? मालकाला गाळा मिळाला आणि माणसं भिवंडीला गेली तर गाळा भाड्याने मोबाइल दुकानाला जाईल. आणि भाड्याने घेतलेल्या गाळ्यात पात्र कोण, मालक की चालवणारा, यावर भांडणं हमखास होतात. दोघांनी आपसात लेखी ठरवून मगच सर्वेक्षणाला सामोरं जावं.

कुर्लेकर_गल्ली४
स्लॅबचं आणि मीटरचं डोक्यातच नव्हतं. साठ गाळेवाल्यांनी संमती रोखली तर फरक पडेल का?

परिशिष्टवाला
एकट्या साठांनी नाही. ५१ टक्के पात्र झोपडीधारकांची संमती लागते, म्हणजे सगळे ३४० पात्र धरले तर १७४, आणि तुमच्याशिवाय २८० उरतात. हिशोबनीसांचे २३३ रुपये घेऊन आधी त्यांच्याकडे जा. त्याआधी योजना झोपडपट्टी कायद्याच्या कलम ३-के (3K) खाली तर नाही ना ते तपासा. तिथे संमती लागतच नाही, मग ही सगळी घासाघीस सही रोखून नव्हे, लेखी हरकतींनी करावी लागेल.